सोसायटीचे फाटक आणि इंटरकॉम यांना सौर बॅकअप : किती क्षमता घ्यावी?

सिंहगडरोडकर | ९ जून, सकाळी ९:४०

नमस्कार. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यालगत असून दोन इमारतींत मिळून ४८ सदनिका आहेत. मुख्य प्रवेशद्वाराला सरकते लोखंडी फाटक असून त्याला २३० व्होल्टवर चालणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आहे. इंटरकॉम जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे वॉचमनच्या केबिनमध्ये ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना जोडणारे यंत्र) आणि प्रत्येक घरात साधा फोन. जनरेटर आमच्याकडे नाही. लिफ्टला एआरडी (आपोआप सुटका करणारे यंत्र) असल्यामुळे वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन थांबते, एवढीच काय ती सोय.

वळवाच्या पावसात दुपारनंतर वीज गेली की दोन ते चार तास येत नाही, आणि तेवढा वेळ फाटक हाताने ढकलावे लागते व इंटरकॉम मुका होतो. एका विक्रेत्याने एक किलोवॉटची पॅनेल, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या, बॅटऱ्या आणि एक केव्हीएचा सोलर इन्व्हर्टर असे एक लाख पंचेचाळीस हजारांचे कोटेशन दिले आहे. यावर सरकारी अनुदान मिळेल, असेही तो सांगतो. दुसरीकडे, आमच्या गच्चीवर नेट मीटरिंगची (जादा सौर वीज बाहेरच्या लाइनला देऊन ती बिलातून वळती करून घेणारी) १५ किलोवॉटची यंत्रणा आधीच बसलेली असल्यामुळे ‘घरची गाय असताना दूध विकत कशाला’ असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारला. त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_लाइनमन | ९ जून, सकाळी १०:२५

गाईच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या उत्तराशी माझ्यासारख्यांचे प्राण बांधलेले असतात. नेट मीटरिंगचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनकडे पाहून चालतो. लाइनवरचा दाब गेला की तो काही क्षणांत स्वतःला बंद करून घेतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. हा दोष नसून सक्तीची सुरक्षा आहे. तसे नसते, तर लाइन बंद केली आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाच्या हाताखालच्या तारेत तुमच्या गच्चीवरची वीज उलटी येऊन पोहोचली असती. तेव्हा वीज गेल्यावर त्या १५ किलोवॉटचा फाटकाला शून्य उपयोग आहे. बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवला, तर बाहेरच्या लाइनपासून स्वतःला तोडून घेऊन तो ठरावीक भार चालू ठेवू शकतो. परंतु फाटकासाठी सगळी यंत्रणा बदलणे व्यवहार्य नाही.

अभ्यंकर_विद्युत | ९ जून, दुपारी १:०५

लाइनमनकाकांनी मुद्दा नेमका सांगितला आहे. आता क्षमतेकडे वळू. ‘फाटकाचा बॅकअप’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोटर येते, पण हिशोब मांडल्यावर खरी खाणारी तोंडे वेगळीच निघतात.

मोटर चालताना ५०० वॉट घेते असे धरू. उघडायला २० सेकंद आणि मिटायला २० सेकंद, म्हणजे एका वाहनामागे साडेपाच वॉट-तासांच्या आसपास. चार तासांत ३० वाहने ये-जा करतील असे मानले, तर मोटरचा वाटा सुमारे १६७ वॉट-तास होतो. आता जी उपकरणे अखंड चालू असतात त्यांच्याकडे पाहा. फाटकाचे कंट्रोल कार्ड व फोटोसेल ६ वॉट, ईपीएबीएक्स ४० वॉट, इंटरनेटचा राउटर १२ वॉट, आठ कॅमेरे व त्यांचा रेकॉर्डर मिळून ६० वॉट, केबिनमधला दिवा आणि पंखा ४० वॉट. हे झाले १५८ वॉट, म्हणजे चार तासांचे ६३२ वॉट-तास. एकूण बेरीज ८०० होते आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर पुरते एक युनिट, म्हणजे १,००० वॉट-तास.

शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा अधिक ऊर्जा वारंवार काढू नये. १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांत ३,६०० वॉट-तास साठतात, त्यातले १,८०० वापरायचे म्हटले तरी तुमचे सात तास निघतात. बॅटऱ्यांबाबत विक्रेत्याचे बरोबर आहे.

इन्व्हर्टरबाबत मात्र तो तुम्हाला गोत्यात आणणार आहे. तुमची मोटर चालताना अडीच-तीन अँपिअर घेत असली, तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या चार ते सहा पट प्रवाह ओढते. एक केव्हीएचा इन्व्हर्टर त्या धक्क्याने ट्रिप होईल आणि फाटकाबरोबर इंटरकॉमही बंद पडेल. दोन ते अडीच केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मीटरमधून येते तशीच गुळगुळीत लहर देणारा, इन्व्हर्टर मागा. स्क्वेअर वेव्हवर (चौकोनी लहरीवर) मोटर गुरगुरते व तापते, कपॅसिटरचे आयुष्य घटते आणि इंटरकॉमवर बोलताना सतत घरघर ऐकू येते.

शेवटचा मुद्दा पॅनेलचा. आठवड्यातून एकदा एक युनिट खर्च होणार असेल, तर ती बॅटरी भिंतीतल्या विजेवर पंधरा रुपयांत पुन्हा भरते. त्यासाठी पॅनेल कशाला?

टवाळ_पेठकर | ९ जून, दुपारी १:४८

आमच्या वाड्याला फाटकच नाही, त्यामुळे आमचा बॅकअप आजवर शंभर टक्के यशस्वी ठरला आहे.

गच्चीवाली | ९ जून, सायंकाळी ५:३०

अभ्यंकरसाहेब, तुमच्याच आकड्यांवरून मी तुमच्याशी असहमत आहे. १५८ वॉट अखंड म्हणजे दिवसाला पावणेचार युनिट, त्यात दिवसभरातल्या दीडशे वाहनांची मोटर मिळवली की साडेचारच्या पुढे जाते. नाशिकमध्ये आमचे एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देते आणि पुण्याचे ऊन काही त्याहून वेगळे नाही. म्हणजे वीज जावो अथवा न जावो, केबिनचा जवळजवळ सगळा भार सूर्यावर चालू शकतो. बॅकअप हा मग जोडफायदा ठरतो. पॅनेलला केवळ संकटकाळच्या वापराच्या तराजूत का तोलायचे?

अभ्यंकर_विद्युत | ९ जून, रात्री ९:१०

ताई, प्रश्न रास्त आहे. पण सूर्य रात्री नसतो आणि तुमच्या हिशोबातला निम्मा भार रात्रीचा आहे. तो भागवायचा तर रोज रात्री बॅटरीतून दोन युनिट काढावी लागतील. आमच्याकडे अशा दोन बॅटऱ्यांना ३२ हजारांच्या आसपास पडतात. निम्म्यापर्यंत रिकामी करून पुन्हा भरण्याची दीड हजार आवर्तने त्या टिकतील असे उदारपणे धरले, तर आयुष्यभरात त्यांच्यातून तीन हजार युनिट निघतात, म्हणजे बॅटरीची झीजच युनिटला पावणेअकरा रुपये पडते. भरताना आणि काढताना होणारी घट वेगळी. मीटरमधून येणारी वीज जवळपास त्याच भावात मिळत असताना बॅटरी रोज झिजवण्यात काय हशील आहे? शिवाय ज्या दिवशी पहाटे वीज जाईल, त्या दिवशी बॅटरी नेमकी अर्धी रिकामी असेल.

दिवसा सूर्य, रात्री मीटरची वीज आणि बॅटरी सदैव भरलेली, अशी रचना केली तर तुमचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु या सोसायटीकडे नेट मीटरिंग आधीच आहे. तीच दोन-तीन पॅनेल, मंजुरी वाढवून घेऊन, त्या यंत्रणेत मिळवली तर चारही युनिटांचा मोबदला बॅटरीला हात न लावता पदरात पडतो.

अनुदानाबद्दलही सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात, पण ते ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठी. केबिनपुरत्या स्वतंत्र बॅटरी-पॅनेलच्या संचाला ते लागू नाही. विक्रेत्याला हे लेखी द्यायला सांगा, म्हणजे त्याचा उत्साह आपोआप ओसरेल.

हर्णैचा_वारा | १० जून, सकाळी ७:१५

शहरातल्या मंडळींचा ‘चार तास’ हा हिशोब वाचून गंमत वाटली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात खांबच्या खांब आडवे झाले. काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या काळात भिंतीतल्या विजेवर भरणारी बॅटरी दुसऱ्या दिवशीच माना टाकते. मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते. त्यामुळे पॅनेल कशासाठी, याचे आमच्याकडचे उत्तर साधे आहे : वीज परत कधी येईल हे ठाऊक नसते, यासाठी.

आमच्या बागेचे फाटक घरापासून दूर, उताराच्या खाली आहे. तेथे २४ व्होल्टची डीसी मोटर, तिच्याच पेटीत ७ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि वर ४० वॉटचे पॅनेल असा संच आहे. घरापासून तेथवर जांभ्यात चर खणून केबल पुरण्याचा खर्च पॅनेलच्या कितीतरी पट झाला असता. दिवसाला दहा-बारा वेळा फाटक उघडते, तेवढ्याला हे पुरते.

मात्र कोकणात पॅनेल लावणाऱ्याने पावसाळ्याचा हिशोब वेगळा करावा. जुलैमध्ये आभाळ सलग आठवडाभर उतरलेले असते आणि पॅनेलमधून नेहमीच्या पाचव्या भागाइतकीही वीज मिळत नाही. उन्हाळ्याच्या आकड्यांवर घेतलेले पॅनेल तेव्हा कंट्रोल कार्डाची नुसती जागी राहण्याची भूकदेखील भागवू शकत नाही. पॅनेल लागेल त्याच्या दुप्पट घ्या. सांगाडा गॅल्वनाइज्ड असला तरी नटबोल्ट स्टेनलेसचेच घ्या, कारण खारा वारा साध्या बोल्टला दोन पावसाळेही पुरू देत नाही. आणि वानरांसाठी काय करायचे, ते मला कोणीतरी सांगा. पॅनेल हे त्यांचे बसायचे आसन झाले आहे आणि तारा हा चाळा.

टवाळ_पेठकर | १० जून, सकाळी ८:०२

वानरांना वर्गणीदार करून घ्या. सर्वसाधारण सभेला तरी कोरम होईल.

अभ्यंकर_विद्युत | १० जून, सकाळी ९:३०

वारासाहेब, तुमच्या बाबतीत मी माझा आक्षेप पूर्णपणे मागे घेतो. जेथे वीज दिवसचे दिवस जाते किंवा जेथे केबल नेणेच महाग पडते, तेथे पॅनेलला पर्याय नाही. वानरांसाठी तारा कडक जीआय पाइपातून घ्या. त्यांच्या बसण्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

घोडबंदरचे_मोने | १० जून, दुपारी १२:२०

धागाकर्त्यांचा इंटरकॉम जुना आहे हे त्यांचे भाग्य म्हणायचे. आमच्या ठाण्यातल्या नव्या संकुलात व्हिडिओ इंटरकॉम आहे, ज्यात नेटवर्कच्या तारेतूनच वीज जाते. फाटकाशी असलेल्या पॅनलला भरभक्कम यूपीएस दिला होता, तरीही वीज गेली की एकाही घरात घंटा वाजत नसे. बरेच दिवस यूपीएसवरच संशय घेतला गेला. शेवटी लक्षात आले की फाटकाकडून निघालेली तार दर तीन मजल्यांमागे डक्टमधल्या एका स्विचमधून जाते आणि त्या स्विचना बॅकअपच नाही. फाटक जागे होते, घरातले लोक जागे होते, मधला निरोप्या झोपलेला होता.

असा इंटरकॉम असेल, तर वाटेतल्या प्रत्येक स्विचला बॅकअप हवा आणि भारही मोठा होतो. घरातला पडदा चार-पाच वॉट घेत असला तरी ६४ घरे झाली की तीनशे वॉटच्या घरात जातो, म्हणजे मोटर, कॅमेरे आणि केबिन सगळे मिळूनही सरासरीने त्याच्यापेक्षा कमीच भरतात. जुन्या ईपीएबीएक्सची खरी श्रीमंती ही की घरातल्या फोनला वेगळी वीज लागत नाही. केबिनमधले यंत्र जिवंत असेल, तर बाराव्या मजल्यावरचा फोनही जिवंत.

प्राजक्ता_वारजे | १० जून, दुपारी ३:४५

इंटरकॉम हवाच कशाला, असा माझा प्रश्न आहे. आमच्याकडे वॉचमनच्या मोबाइलवर अ‍ॅप आहे. पाहुणा आला की आमच्या फोनवर सूचना येते, आम्ही होकार देतो, विषय संपला. वीज गेल्याने त्यात काहीच अडत नाही.

निवृत्त_लाइनमन | १० जून, सायंकाळी ४:३०

अडत नाही, तोपर्यंत अडत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मोबाइलच्या टॉवरखालची बॅटरी काही तासांची असते, आणि निसर्ग वादळात तिचे काय झाले ते वर लिहिलेलेच आहे. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा असूनही तो चष्म्याशेजारी कोठेतरी पडलेला असतो, अशी ज्येष्ठ मंडळी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना भिंतीवरचा फोन कळतो.

प्राजक्ता_वारजे | १० जून, सायंकाळी ५:१०

ज्येष्ठांचा मुद्दा मान्य आहे, काका. माझ्या सासूबाई अ‍ॅपवर आलेल्या प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतात. मागच्या महिन्यात त्यात त्यांचे सख्खे भाऊही होते.

पौडफाटा_बंगला | १० जून, रात्री ८:३५

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. मी बंगल्याच्या फाटकावर व्हिडिओ डोअरफोन, दोन कॅमेरे आणि इलेक्ट्रिक कुलूप बसवतो आहे. सगळे १२ व्होल्टचे असून एकूण चार अँपिअर लागतात. फाटकाशी झाडांची दाट सावली असल्यामुळे पॅनेल आणि बॅटरी गच्चीवर ठेवून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार फाटकापर्यंत न्यावी, असा विचार आहे. अंतर ८० मीटर आहे. चालेल का?

अभ्यंकर_विद्युत | १० जून, रात्री १०:००

अजिबात चालणार नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम असतो. जाण्याची ८० आणि येण्याची ८० अशी १६० मीटर तार धरली की १.१८ ओहम होतात. त्यातून चार अँपिअर गेले की पावणेपाच व्होल्ट वाटेतच गळतात आणि फाटकाशी पोहोचतात जेमतेम सव्वासात. कॅमेरे लुकलुकतील आणि कुलूप दाद देणार नाही.

हेच ४८ वॉट २३० व्होल्टवर पाठवले तर प्रवाह ०.२ अँपिअर असतो आणि घट पाव व्होल्टही होत नाही. तेव्हा गच्चीवर इन्व्हर्टर, फाटकाशी चांगल्या प्रतीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, मध्ये २३० व्होल्टची चिलखती केबल, असे करा. अडॅप्टरच्या पेटीत पाणी जाणार नाही याची खात्री तेवढी करून घ्या.

सावलीबद्दलही सांगून ठेवतो, कारण धागाकर्त्यांच्या केबिनवरही झाड असेल अशी मला शंका आहे. पॅनेलमधले सेल ओळीने जोडलेले असल्यामुळे एका फांदीची सावली काही सेलवर पडली तरी त्या पट्ट्याचे सगळे उत्पादन बुडते. पॅनेलच्या मागच्या डब्यात बहुधा तीन बायपास डायोड असतात, त्यामुळे निदान एक तृतीयांश भाग गमावून उरलेले वाचते. दुपारी बाराला ऊन आहे एवढे पाहून जागा ठरवू नये. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला सावली कोठे पडते तेही पाहावे.

सिंहगडरोडकर | १० जून, रात्री १०:४०

शंका खरी आहे. केबिनवर पर्जन्यवृक्ष आहे आणि त्याला हात लावण्याची कोणाचीही इच्छा नाही.

जोबर्गकर | ११ जून, पहाटे २:१५

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अनेक वर्षे जोहान्सबर्गमध्ये राहतो. या विषयावर या शहरात कोणालाही विचारा, तो तज्ज्ञच निघेल. २०२३ हे भारनियमनाचे सर्वांत वाईट वर्ष होते. सहाव्या टप्प्यावर (टप्पा जितका वरचा तितकी कपात मोठी) दिवसातून अनेकदा, एका वेळी दोन ते चार तास वीज जात असे. मार्च २०२४च्या अखेरीपासून सुमारे दहा महिने ते थांबले होते.

येथे घरांना उंच भिंती आणि मोटरचे फाटक जवळजवळ सर्वत्र असते, आणि मोटर बहुतेक डीसी असून बॅटरी तिच्या पेटीतच असते. भारनियमन वाढले तेव्हा लोकांना वाटले होते की बॅटरी आहे म्हणजे चिंता मिटली. परंतु पेटीतला चार्जर लहान असतो. दोन तास वीज येऊन पुन्हा गेली की बॅटरी पुरती भरतच नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहून शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते आणि दोन-तीन वर्षे टिकणारी बॅटरी काही महिन्यांत निकामी होते. भिंतीवर लावलेल्या २० वॉटच्या पॅनेलने येथे खरे काम केले ते हे, की वीज नसतानाही बॅटरी हळूहळू भरत राहिली. आमचे हिवाळे कोरडे आणि लख्ख असतात, त्यामुळे कोकणातल्या मित्रांची अडचण आम्हाला नाही. पॅनेल मात्र आम्ही उत्तरेकडे तोंड करून लावतो. तुम्ही अर्थातच दक्षिणेकडे लावा.

दुसरी गोष्ट चोरीची. फाटकाची बॅटरी, आणि पुष्कळदा अख्खी मोटर, येथे चोरीला जाते. त्यामुळे पेटीवर पोलादी पिंजरा आणि आतून कुलूप हा आता नेहमीचाच खर्च झाला आहे.

वसईची_लीना | ११ जून, सकाळी ९:०५

चोरांपेक्षा आमच्याकडे मुंग्या अधिक कार्यक्षम आहेत. पावसाळ्यात फाटकाच्या कंट्रोल बॉक्समध्ये ऊब आणि कोरडेपणा दोन्ही मिळत असल्यामुळे त्या रिलेच्या अगदी आत घर करतात. आमचे फाटक मध्येच थांबून मागे फिरायचे. मेकॅनिकने झाकण काढले, तेव्हा रिलेच्या दोन संपर्कांच्या मध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा काळा थर बसला होता आणि टर्मिनलच्या दोन स्क्रूंवर आडवी पडलेली, वाळून कागदासारखी झालेली एक पाल होती. तोपर्यंत कार्यकारिणीने बॅटरी बदलण्याचा ठरावही करून ठेवला होता.

केबल आत जाते त्या भोकांना ग्लँड (केबलभोवती आवळून बसणारे बूच) घट्ट बसवून घ्या आणि उरलेली फट सिलिकॉनने बुजवा. पेटी दर पावसाळ्याआधी उघडून पाहा.

निवृत्त_लाइनमन | ११ जून, सकाळी १०:३०

लीनाताईंनी पेटीचा विषय काढला म्हणून विजेचेही सांगतो, आकाशातल्या. इंटरकॉमच्या तारा इमारतभर आणि आवारभर पसरलेल्या असतात. जवळ कोठेही वीज कोसळली की त्या तारांत लाट उठते आणि ईपीएबीएक्सची कार्डे जळतात. आता त्यात गच्चीवरून येणाऱ्या पॅनेलच्या तारांची भर पडणार. पॅनेलकडच्या बाजूला, २३० व्होल्टच्या बाजूला आणि आवारातून येणाऱ्या इंटरकॉमच्या जोड्यांवर सर्ज रोधक हवेतच, आणि ते सगळे एकाच अर्थिंगला जोडलेले हवेत. प्रत्येकासाठी वेगवेगळा खड्डा खणून ते एकमेकांना न जोडता ठेवणे हे आपल्याकडचे आवडते काम आहे आणि त्यानेच उपकरणे जळतात.

घोडबंदरचे_मोने | ११ जून, दुपारी १२:१५

आणखी एका कोपऱ्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मोठ्या फाटकाशेजारच्या पादचारी दाराला चुंबकीय कुलूप असेल, तर ते वीज असेपर्यंतच बंद राहते. वीज गेली की दार सताड उघडे. आग लागल्यास माणसे अडकू नयेत म्हणून ते तसे असते आणि इमारतीच्या आतल्या दारांना तसेच असायला हवे. रस्त्यावरच्या दाराला मात्र बॅकअप नसेल, तर अंधारात सोसायटी उघडीच. ६०० पौंडांची ओढ धरून ठेवणारे कुलूप १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेते, म्हणजे ६ वॉट, तेही चोवीस तास. हिशोबात धरा.

वसईची_लीना | ११ जून, दुपारी १:००

आणि मोटर सोडवण्याची चावी? ती कोणाकडे असते, हे किती जणांना ठाऊक आहे? आमच्याकडे रात्री रुग्णवाहिका दारात उभी असताना चावी सेक्रेटरींच्या कपाटात होती आणि सेक्रेटरी मुलीकडे बंगळुरूला. तगडी माणसे फाटक ढकलत होती, पण गिअर दात्यांच्या पट्टीत अडकलेला असेपर्यंत फाटक तसूभर हलत नाही. वीस हजारांची बॅटरी घेण्याआधी त्या चावीची दुसरी प्रत करून केबिनमध्ये टांगावी.

हर्णैचा_वारा | ११ जून, दुपारी १:४०

टांगावी आणि प्रत्येक नव्या वॉचमनकडून एकदा फिरवूनही घ्यावी. खाऱ्या हवेत ती खाच गंजते आणि नेमक्या वेळी चावी फिरत नाही.

सिंहगडरोडकर | १४ जून, सकाळी ११:२०

सर्वांचे मनापासून आभार. अभ्यंकरसाहेबांचा हिशोब घेऊन इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक उपकरण मोजून घेतले. ईपीएबीएक्स प्रत्यक्षात २२ वॉटच घेतो. कॅमेरे व रेकॉर्डर मात्र ७४ वॉट खातात. मोटर चालताना २.६ अँपिअर दाखवते. सुरुवातीचा धक्का त्यांच्या साध्या क्लँप मीटरवर पकडता आला नाही. आणखी एक शोध लागला. ईपीएबीएक्सच्या मागे बॅटरीची स्वतंत्र जोडणी मुळातच आहे आणि तेथे ओळीने जोडलेल्या ७ एएचच्या चार बॅटऱ्या मरून पडल्या आहेत. म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचा इंटरकॉम वीज गेल्यावरही चालत असणार, आणि ते आज कोणालाही आठवत नाही.

आता अडीच केव्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर व दोन बॅटऱ्या घ्याव्यात, पॅनेल सध्या घेऊ नयेत, आणि नेट मीटरिंगची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव वेगळा ठेवावा, असे कार्यकारिणीत ठरते आहे. उपविधींतल्या मर्यादेपेक्षा खर्च अधिक असल्याने सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि तीन कोटेशने घेऊ. दोन शंका उरल्या आहेत. ईपीएबीएक्सच्या त्या चार बॅटऱ्या बदलाव्यात का? आणि मोठ्या बॅटऱ्या केबिनच्या पत्र्याखाली ठेवाव्यात का?

गच्चीवाली | १४ जून, दुपारी १२:०५

पॅनेल टाळल्याचे दुःख आहे, पण क्षमता वाढवणार आहात म्हणून तूर्त माफ करते. मात्र इन्व्हर्टर घेताना पुढे पॅनेल जोडता येईल असाच घ्या. किमतीत फार फरक पडत नाही आणि उद्या सर्वसाधारण सभेचे मन बदलले तर यंत्र बदलावे लागणार नाही.

अभ्यंकर_विद्युत | १४ जून, दुपारी २:३०

गच्चीवालीताईंच्या सूचनेला माझे अनुमोदन, आणि हे लेखी नोंदवून ठेवावे.

त्या चार बॅटऱ्या बदला. बदलायच्या तर चारही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच महिन्याच्या. ओळीतली एक जरी जुनी राहिली, तरी ती बाकीच्या तिघींना ओढून नेते. २२ वॉटचा भार त्या दहा तासांहून अधिक सहज पेलतील, त्यामुळे मोठा इन्व्हर्टर कधी बंद पडला तरी इंटरकॉम स्वतंत्रपणे चालू राहील. तपासणीच्या वेळी नुसता व्होल्ट मीटर लावू नका. मेलेली बॅटरीही भार नसताना साडेबारा व्होल्ट दाखवून फसवते. भार देऊन दहा मिनिटांनी पाहा; साडेदहाच्या खाली घसरली तर ती गेली.

मोठ्या बॅटऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि एप्रिलमध्ये तुमच्या पत्र्याखाली ४५ अंश सहज भरतील. भरताना त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून वॉचमन झोपतो किंवा शेगडी पेटवतो तेथे तर नकोच. जिन्याखालचा मीटर रूमचा भागही नको. पार्किंगमध्ये उत्तरेकडच्या भिंतीशी, जमिनीपासून फूटभर उंच चौथऱ्यावर, जाळीच्या दाराच्या हवेशीर पेटीत ठेवा आणि इन्व्हर्टर त्याच्या शेजारीच घ्या, म्हणजे बॅटरीच्या जाड तारा आखूड राहतील आणि केबिनकडे २३० व्होल्ट जातील. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नव्या घेताना विक्रेत्याकडेच जमा करा. बॅटरी कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनुसार त्या परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे आणि त्याबद्दल बिलात सूटही मिळते.

सिंहगडरोडकर | १४ जून, दुपारी ३:१०

पार्किंगमधली ती भिंत एका सदस्याच्या गाडीच्या जागेला लागून आहे. तेव्हा तांत्रिक प्रश्न सुटला असून खरा प्रश्न आता सभेत सुरू होईल.

टवाळ_पेठकर | १४ जून, दुपारी ३:१४

सभेच्या वेळी माईकला बॅकअप देऊ नका.